जहाजाचं नाव लावलेली कवयित्री: फिलिस व्हीटली

पाटीपेन्सिल

गेल्या उन्हाळ्यात आई इकडे बॉस्टनला आली होती. एका संध्याकाळी तिला कॉमनवेल्थ ॲव्हेन्यूवर फिरायला नेलं. दोन रस्त्यांच्या मधल्या झाडांच्या पट्ट्यात २००३ साली बसवलेलं एक स्मारक आहे. ॲबिगेल ॲडम्स, लुसी स्टोन आणि फिलिस व्हीटली अशा तिघी जणी, चौथऱ्यावर न चढता आपल्या उंचीला असलेल्या. पहिल्या दोघींबद्दल सांगितलेलं आईने मान डोलावत ऐकलं. तिसरीबद्दल म्हटलं, ही गुलाम होती, आणि कविता लिहायची.

"फिलिस हे हिचं नाव की मालकांनी ठेवलेलं?"

म्हटलं, मालकांनी. ज्या जहाजात कोंबून आणली त्या जहाजाचं नाव फिलिस होतं, तेच हिला दिलं.

आई दोन पावलं पुढे गेली होती, ती परत फिरली. "म्हणजे एसटीने आली असती तर एशियाड म्हणाले असते का?"

हसू आलं आणि लगेच गेलंही. त्या दिवसापासून ही बाई डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

११ जुलै १७६१ला ते जहाज बॉस्टनला लागलं. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ९६ माणसं चढवली होती, उतरली ७५. त्यांत ही एक. पुढचे दुधाचे दात पडलेले, त्यावरून वय सात-आठ ठरवलं. जॉन व्हीटली नावाच्या व्यापाऱ्याने आपल्या बायकोच्या, सुझॅनाच्या हाताखाली म्हणून तिला विकत घेतलं. जहाज फिलिस, आडनाव मालकाचं. झालं नाव.

घरातल्या मुलीने, मेरीने, तिला अक्षरं शिकवली. इंग्रजीचा एक शब्द न येणारी ही पोर सोळा महिन्यांत बायबलमधले अवघड उतारे वाचायला लागली, असं तिच्या मालकानेच लिहून ठेवलंय. मग लॅटिन, मग पोप आणि मिल्टन हे इंग्रजी कवी. डिसेंबर १७६७मध्ये, चौदा वर्षांची असताना, न्यूपोर्टच्या वर्तमानपत्रात पहिली कविता छापून आली. १७७०मध्ये जॉर्ज व्हाइटफील्ड हा त्या काळचा गर्दी खेचणारा धर्मोपदेशक वारला, त्याच्यावर तिने शोकगीत लिहिलं आणि ते समुद्राच्या दोन्ही बाजूंना वाचलं गेलं.

१७७२मध्ये बॉस्टनमध्येच पुस्तक काढायचं ठरलं. त्या काळी आधी वर्गणीदार गोळा करायचे आणि मग छापायचं. पुरेसे मिळाले नाहीत. एका गुलाम मुलीने हे लिहिलंय यावर लोकांचा विश्वासच बसेना. मग शहरातल्या अठरा प्रतिष्ठित पुरुषांनी तिला एका दिवाणखान्यात समोर बसवून तिची तोंडी परीक्षा घेतली आणि 'होय, हे हिनेच लिहिलंय' असं सही करून दिलं. पुस्तक शेवटी सप्टेंबर १७७३मध्ये लंडनला निघालं, ते प्रमाणपत्र आत छापून.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय व्यक्तीचं हे पहिलं छापील पुस्तक. वीस वर्षांची होती.

ताकभात

आईंना साष्टांग नमस्कार. एशियाड _/\_

सप्टेंबर १७७३ म्हणजे आपल्याकडे शनिवारवाड्यात ३० ऑगस्टला 'काका मला वाचवा' होऊन गेलेलं. इतिहासाच्या पुस्तकात ही दोन पानं कधी शेजारीशेजारी येत नाहीत, त्यामुळे असं काही कळलं की गंमत वाटते.

चष्मेबद्दूर

लेख आवडला. पण दोन खडे काढतो, राग मानू नये.

एक. 'पहिली' हा शब्द जरा मोजूनमापून वापरायला हवा. ल्युसी टेरीची एक कविता १७४६च्या घटनेवर आहे. ती शंभरेक वर्षं तोंडी चालत आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात छापली गेली. ज्युपिटर हॅमन या गुलाम कवीची कविता २५ डिसेंबर १७६०ची आहे, सुटं पान म्हणून छापलेली. पुढे १७७८मध्ये याच हॅमनने फिलिसला उद्देशून एक कविता लिहिली. तेव्हा फिलिस पहिली ती कवितांचं पुस्तक प्रसिद्ध करणारी. पुस्तक हा शब्द तुम्ही लिहिलाय, म्हणून अर्धा गुण देतो.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. ते दिवाणखान्यातलं दृश्य. अठरा पांढरे विग, मध्ये एक मुलगी, प्रश्नांची सरबत्ती. हे हेन्री लुई गेट्स या विद्वानाने रंगवलं आणि ते इतकं नाट्यमय आहे की सगळीकडे पसरलं. पण अशी बैठक झाल्याची नोंद नाही. आहे ते फक्त प्रमाणपत्र आणि त्याखालच्या सह्या. नंतरच्या अभ्यासकांनी, विशेषतः जोआना ब्रूक्स यांनी, यावर आक्षेप घेतलाय. फिलिस या बहुतेकांना ओळखत होती. त्यांच्या घरच्या मयतींवर हिची शोकगीतं होती, यांच्या बायका तिच्या कविता वाचत होत्या. आपण परीक्षेच्या गोष्टीला भुलतो, कारण तिच्यात पुरुष परीक्षक असतात आणि शेवटी ती पास होते.

सह्या करणाऱ्यांची यादी मात्र बघण्यासारखी आहे. गव्हर्नर थॉमस हचिन्सन आणि जॉन हॅनकॉक एकाच कागदावर! पुढे चार वर्षांत एक राजाचा माणूस म्हणून इंग्लंडला निघून गेला आणि दुसऱ्याने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ती प्रसिद्ध भलीमोठी सही ठोकली. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या माणसांचं या मुलीच्या बाबतीत एकमत होतं. आणि यातल्या अनेकांच्या घरी गुलाम राबत होते.

पाटीपेन्सिल

@चष्मेबद्दूर, राग कसला. शाळेत असल्यासारखं वाटलं पण उपयोग झाला. मूळ लेख तसाच ठेवते, नाहीतर तुमचा प्रतिसाद अधांतरी लटकेल. वाचणाऱ्यांनी दिवाणखान्याचं वाक्य खोडलं आहे असं समजावं.

कळफलक

वाहवा चाललीये म्हणून मुद्दाम लिहितो. मी हिची सगळ्यात गाजलेली कविता वाचली. आठ ओळींची. पहिलीच ओळ म्हणते की दयेने मला माझ्या मूर्तिपूजक देशातून इकडे आणलं. दया! ९६ पैकी २१ माणसं मेली त्या जहाजाला ही बाई दया म्हणते. मालकाच्या दिवाणखान्यात बसून मालकाच्या देवाची स्तुती. उरलेल्या कविता कुणाचा नवरा मेला, कुणाचं बाळ मेलं, कुठला लॉर्ड मंत्री झाला. ही घरात पाळलेली कवयित्री होती. पुस्तक पहिलं असेल, पण त्यात बंड कुठाय?

हे फक्त माझं मत नाही. विसाव्या शतकात कृष्णवर्णीय लेखकांनीच तिला यावरून झोडपलंय.

निळावंती

कळफलक, ती कविता इथे सगळ्यांसमोर असू दे, मग भांडू. रात्री बसून केलेला कच्चा अनुवाद:

कृपाच ती, जी घेउनि आली मूर्तिपूजकांच्या देशातुन,
अंधारल्या या जीवालाही देव दाविला तिने शिकवुन;
तारणहारहि आहे, कळले. आधी नव्हते ठाऊक काही,
मुक्ती म्हणजे काय असे, ती शोधित कधि मी फिरले नाही.
कुणी आमुच्या काळ्या वंशा तिरस्कारुनी बघती, म्हणती,
"रंगच यांचा सैतानाच्या कुंडामधला!" अशी ही गणती.
स्मरा ख्रिस्तींनो, काइनापरी काळे हबशी, तेही होती
शुद्ध निवळुनी, देवदूतांच्या रांगेमध्ये उभे राहती.

मूळ इंग्रजीत दोन-दोन ओळींची यमकं आहेत, अलेक्झांडर पोपच्या घाटाची. म्हणून यमक सोडलं नाही.

ताकभात

'अशी ही गणती' हे यमकासाठी भाड्याने आणलंय, कबूल करा.

निळावंती

कबूल. परत करायला गेले होते, दुकान बंद होतं.

गोदाकाठ

हबशी नको हो ताई. हबशी म्हणजे हबसाणातला, ॲबिसिनियाचा. मलिक अंबर हबशी, जंजिऱ्याचे सिद्दी हबशी. ही मुलगी सेनेगल-गॅम्बियाच्या बाजूची, म्हणजे खंडाच्या दुसऱ्या टोकाची. आणि मलिक अंबरही लहानपणी विकला गेलेलाच होता. शेवटी निजामशाही चालवली, खडकी वसवली. एका शब्दात दोन वेगळी नशिबं कालवली जातायत.

स्वल्पविराम

इतकी वर्षं या संस्थळावर नुसता वाचक होतो. पण आता माझ्या नावाचाच प्रश्न आला म्हणून लॉगिन केलं.

कळफलक, सातवी ओळ पुन्हा बघा. निळावंतींचा अनुवाद नव्हे, मूळ. तिथे शब्द असे एकापुढे एक आहेत: लक्षात ठेवा, ख्रिस्ती, निग्रो, काइनसारखे काळे, शुद्ध होऊ शकतात. मध्ये नुसते स्वल्पविराम.

पहिल्या वाचनात ती ख्रिस्ती लोकांना हाक मारून सांगते की निग्रोसुद्धा शुद्ध होऊ शकतात. पाया पडून केलेली विनंती. पण तीच ओळ दुसऱ्या तऱ्हेने वाचता येते: लक्षात ठेवा, ख्रिस्ती आणि निग्रो, दोघेही काइनसारखे काळे, दोघांनाही शुद्ध व्हावं लागेल. काइन म्हणजे बायबलमधला पहिला खुनी, भावाला मारणारा. भावाला मारल्याचा डाग कुणावर जास्त शोभतो, गुलामावर की गुलामांच्या व्यापाऱ्यावर? ती बोलत नाही. स्वल्पविराम टाकते आणि गप्प बसते.

अजून आहे. इंग्रजीत काइनचा उच्चार आणि उसाचा शब्द कानाला एकच, केन. त्याच्यापुढे 'रिफाइन' हा शब्द येतो, जो साखरेला लावतात. सैतानी रंगासाठी वापरलेला शब्द म्हणजे कापड रंगवायचा रंग. ऊस, साखर, नीळ. ज्या मळ्यांसाठी माणसं धरून आणली त्याच मालाची नावं. बॉस्टन तेव्हा वेस्ट इंडीजची मळी आणून रम गाळणारं बंदर होतं. व्हीटलींच्या घरात चहात काय पडत होतं हे या पोरीला पक्कं ठाऊक होतं. हा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. तिच्या मनात नक्की काय होतं यावर मी शपथ घेणार नाही, पण ती लॅटिनमधून ओव्हिड हा रोमन कवी उतरवणारी बाई होती, शब्द चुकून पडणाऱ्यातली नव्हती.

गोदाकाठ

निळावंतीताईंचा 'निवळुनी' हा शब्द मग अगदी नेमका पडलाय. आमच्याकडे गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळताना भेंडीचं पाणी टाकतात, मळी वर येते, ती काढत राहायची. रस निवळला असं म्हणतात. तुम्हाला हे माहीत होतं का?

निळावंती

नव्हतं! आजोळ कोल्हापूरकडचं, कानात कुठेतरी पडलं असणार. पण स्वल्पविरामांचं वाचून मला घाम फुटला. मी 'ख्रिस्तींनो' केलंय. त्या 'नो'ने सगळा खेळच संपवला. मराठीत हाक मारायची तर प्रत्यय लावावा लागतो, आणि प्रत्यय लावला की ती फक्त हाकच उरते. इंग्रजीत संबोधन नुसतं उभं राहू शकतं, म्हणून तिथे तिला लपायला जागा मिळाली. मी ती जागा बुजवली.

थांबा, बघते काही करता येतं का.

कळफलक

स्वल्पविरामावर एवढा मोठा इमला? मला पटलं नाही, पण विचारात पाडलंत. तरी माझा मूळ प्रश्न तसाच आहे. उघड कधी बोलली का?

पाटीपेन्सिल

बोलली. दोनदा तरी नक्की.

लॉर्ड डार्टमथ वसाहतींचा मंत्री झाला तेव्हा तिने त्याच्यावर कविता केली. तुम्ही 'कुठला लॉर्ड मंत्री झाला' म्हणून उडवून लावलेली तीच. आधी स्तुती, वसाहतींवरची जुलमी बेडी आता तू काढ वगैरे. आणि मग ती थांबते आणि म्हणते: माझं हे स्वातंत्र्यप्रेम कुठून आलं असं वाटत असेल तर ऐक, मी लहान असताना मला आफ्रिकेतून हिसकावून आणलं, माझ्या बापाच्या काळजात काय कालवलं असेल, आणि ज्याने एका बापापासून लेकरू हिरावलं त्याचं काळीज पोलादाचं असणार. हे ब्रिटिश मंत्र्याला लिहिलंय, आणि ते प्रसिद्ध झालं तेव्हा ती अजून व्हीटलींची मालमत्ता होती.

दुसरं, ११ फेब्रुवारी १७७४चं पत्र. सॅमसन ऑकम या मोहेगन जमातीच्या धर्मोपदेशकाला. त्यात ती म्हणते की देवाने प्रत्येक माणसाच्या छातीत एक तत्त्व पेरलंय, स्वातंत्र्याची ओढ. जुलूम तिला सोसवत नाही, सुटकेसाठी ती धापा टाकते. तोंडाने स्वातंत्र्याचा जयघोष करायचा आणि हाताने दुसऱ्याला दाबून धरायचं, हे दोन्ही एकत्र कसं बसतं हे कळायला तत्त्ववेत्त्याची गरज नाही, असा शेवट. महिनाभरात ते पत्र कनेक्टिकटच्या वर्तमानपत्रात छापून आलं. तेव्हा ती गुलाम नव्हती. हा फरक लक्षात घ्या.

ताकभात

मधलं पान फाटलंय. गुलाम होती, मग नव्हती. सुटली कशी?

पाटीपेन्सिल

याच भागासाठी मला हा धागा काढायचा होता, आणि मी मूळ लेखात तोच विसरले.

मे १७७३मध्ये ती मालकाच्या मुलाबरोबर, नॅथॅनिएलबरोबर, लंडनला निघाली. लंडनमध्ये तिचं पुस्तक छापायला आर्चिबाल्ड बेल तयार होता आणि हंटिंग्डनच्या काउंटेसने अर्पणपत्रिका स्वीकारली होती. एक अट होती, पुस्तकात कवयित्रीचं चित्र हवं. ते चित्र तुम्ही पाहिलं असेल: टोपी घातलेली मुलगी, गालाला हात, समोर दौत आणि कागद. त्या काळच्या इंग्रजी पुस्तकात कृष्णवर्णीय बाई लिहिताना दाखवणं हीच मोठी गोष्ट.

लंडनमध्ये तिला बरेच लोक भेटले. बेंजामिन फ्रँकलिन येऊन गेला. डार्टमथने पाच गिनी दिल्या, त्यातून पोपची पुस्तकं घेतली. पुढे लंडनचा महापौर झालेल्या ब्रुक वॉटसनने मिल्टनच्या महाकाव्याची भलीथोरली प्रत दिली, ती आज हार्वर्डमध्ये आहे. आणि टॉवर ऑफ लंडनमधले सिंह-वाघ दाखवायला तिला कोण घेऊन गेलं? ग्रॅनव्हिल शार्प. एकच वर्ष आधी, जून १७७२मध्ये, सॉमरसेट नावाच्या गुलामाचा खटला लढवून 'मालक गुलामाला इंग्लंडमधून जबरदस्तीने बाहेर नेऊ शकत नाही' असा निकाल मिळवणाऱ्यांतला मुख्य माणूस. पिंजऱ्यातल्या प्राण्यांसमोर ही दोघं काय बोलली असतील?

म्हणजे बघा, लंडनला पाय रोवून ती तिथेच राहिली असती तर तिला कायद्याने कुणी ओढून आणू शकत नव्हतं. पण सुझॅना आजारी पडल्याचा निरोप आला आणि पुस्तक बाहेर यायच्या आधीच ती परत निघाली. परत आल्यावर काही आठवड्यांत ती मुक्त झाली होती. १८ ऑक्टोबर १७७३च्या पत्रात ती लिहिते की इंग्लंडमधल्या मित्रांच्या इच्छेवरून मालकाने मला स्वातंत्र्य दिलं. मधे काय बोलणी झाली त्याचा कागद नाही, पण परत येते, पण मोकळी करा, असा सौदा झाला असावा असं तिचे चरित्रकार मानतात.

आणि त्याच पत्रात पुढे काय आहे? मुक्तीचं पत्र असं लिहून घेतलंय की मालकाच्या वारसांना माझ्यावर किंवा माझ्या कमाईवर हात टाकता येणार नाही. एक प्रत लंडनला एका ओळखीच्या माणसाकडे पाठवून ठेवली आहे. पुस्तकाच्या विक्रीतला अर्धा वाटा माझा. न्यू हेवनमधल्या छापखान्यांनी माझं पुस्तक चोरून छापू नये, याकडे लक्ष ठेवा. खरी प्रत ओळखायची खूण म्हणजे माझ्या हातची सही.

वीस वर्षांची बाई, चार आठवड्यांपूर्वी सुटलेली. आणि कळफलक म्हणतात पाळलेली.

कळफलक

शब्द मागे घेतो. 'पाळलेली' हा. बाकीचं नंतर बघू.

चष्मेबद्दूर

पाटीपेन्सिलबाई, 'चार आठवड्यांपूर्वी' कशावरून? ती सप्टेंबरच्या मध्याला बॉस्टनला पोचली, मुक्तीची नेमकी तारीख नाही.

(बाकी प्रतिसाद उत्तम. सवय जात नाही.)

एक भर. लंडनच्या एका समीक्षकाने त्याच डिसेंबरात लिहिलं होतं की ही हुशार मुलगी अजून गुलाम आहे हे वाचून वाईट वाटलं, बॉस्टनचे लोक तर स्वातंत्र्याच्या तत्त्वांचा डंका पिटत असतात. बातमी उशिरा पोचली, टोमणा बरोबर लागला.

ताकभात

माझी पण भर, विषयाला सोडून नाही. पुस्तकाच्या प्रती लंडनहून बॉस्टनला आल्या त्या 'डार्टमथ' नावाच्या जहाजातून, नोव्हेंबर १७७३च्या अखेरीस. त्याच जहाजात ईस्ट इंडिया कंपनीचा चहा होता. १६ डिसेंबरला लोकांनी तो समुद्रात ओतला. बॉस्टन टी पार्टी म्हणून शाळेत घोकलेलं ते हेच जहाज! पुस्तकं आधी उतरली होती म्हणून वाचली. नाहीतर पहिली आवृत्ती माशांनी वाचली असती.

निळावंती

नंतर काय झालं तिचं?

पाटीपेन्सिल

वाईट. भराभर सांगते.

मार्च १७७४मध्ये सुझॅना गेली. मग स्वातंत्र्ययुद्ध. ऑक्टोबर १७७५मध्ये फिलिसने जॉर्ज वॉशिंग्टनवर कविता करून त्यालाच पाठवली. त्याने फेब्रुवारीत उत्तर दिलं, 'मिस फिलिस' असं संबोधून, छावणीकडे आलात तर भेटायला आवडेल म्हणून. स्वतः शेकडो गुलाम बाळगणारा माणूस. एप्रिल १७७६मध्ये ती कविता 'पेनसिल्व्हेनिया मॅगझिन'मध्ये छापली गेली, थॉमस पेनने ज्याचं संपादन केलं तेच मासिक.

१७७८मध्ये जॉन व्हीटली आणि मेरी दोघंही गेली. त्याच वर्षी तिने जॉन पीटर्स या स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाशी लग्न केलं. १७७९मध्ये दुसऱ्या पुस्तकाची जाहिरात दिली: ३३ कविता, १३ पत्रं, फ्रँकलिनला अर्पण. बांधीव प्रतीची किंमत १२ पौंड. युद्धाने पैशाची इतकी माती झाली होती. वर्गणीदार आले नाहीत. १७८४मध्ये पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. ५ डिसेंबर १७८४ला ती वारली. एकतिसाव्या वर्षी. कबरीवर खूण नाही. त्या दुसऱ्या पुस्तकाचं हस्तलिखित गेलं ते आजतागायत सापडलेलं नाही.

चष्मेबद्दूर

पीटर्सबद्दल एक वाक्य, कारण त्या बिचाऱ्यावर दोनशे वर्षं अन्याय झालाय. आळशी, गर्विष्ठ, बायकोला उपाशी मारणारा, ही त्याची प्रतिमा १८३४च्या एका छोट्या चरित्रातून आली. लिहिणारी मार्गारेटा ओडेल व्हीटली कुटुंबाच्या नात्यातली. तीन मुलं झाली आणि गेली हेही तिथलंच, त्यांच्या जन्माच्या नोंदी मिळालेल्या नाहीत. २०२१मध्ये कॉर्नेलिया डेटन या इतिहासकार बाईंनी कोर्टाचे जुने कागद काढले. १७८०नंतर हे जोडपं मिडलटन गावी जमिनीवर राहत होतं, जिथे पीटर्स स्वतः लहानपणी गुलाम होता. मग खटले झाले आणि त्यांना तिथून हुसकावलं. आळसापेक्षा कोर्टकचेरी जास्त दिसते.

गोदाकाठ

थॉमस पेन हे नाव वाचलं आणि चहा बाजूला ठेवला. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी पेनचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक वाचलं होतं, हे आपल्याला पाठ आहे. म्हणजे जोतीरावांना ज्याने हलवलं त्याच माणसाच्या मासिकात या मुलीची कविता छापली गेली होती. आणि 'गुलामगिरी' निघालं १८७३मध्ये, निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण करून. फिलिसच्या पुस्तकानंतर बरोबर शंभर वर्षांनी. जोतीरावांनी फिलिसचं नाव ऐकलं होतं असं मी म्हणत नाहीये. वर्षं जुळली एवढंच.

पण दुसरा धागा जास्त पक्का आहे. फिलिसचा बाप्तिस्मा १७७१मध्ये बॉस्टनच्या ओल्ड साउथ चर्चमध्ये झाला, कॉंग्रिगेशनल पंथाचं. त्याच पंथाच्या लोकांनी बॉस्टनहून चालवलेलं अमेरिकन मिशन १८१३मध्ये मुंबईत पोचलं, आणि त्याच मिशनने १८४२मध्ये नगरला 'ज्ञानोदय' काढलं. आणि 'ज्ञानोदय'मध्ये १८५५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणाचा निबंध छापला? मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मांग समाजातली मुलगी. ब्राह्मण म्हणतात वेद आमचेच, मग आमचा धर्म कोणता ते देवा आम्हाला सांग, असं विचारणारी. फिलिसचीही पहिली कविता चौदाव्या वर्षीच. मुक्ताचं त्या निबंधानंतरचं काहीही लिखाण आज हाती नाही.

मी तीस वर्षं मराठी शिकवलं. मुक्ताचा निबंध शिकवताना मुलं हमखास विचारायची, 'बाई, हे खरंच तिने लिहिलं असेल?' मी चिडायचे. आता कळतंय की प्रश्न किती जुना आहे.

कळफलक

स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनने पण तेच केलं ना. आत्ता शोधून वाचलं. 'धर्माने एक फिलिस निर्माण केली, पण कवी निर्माण करू शकला नाही', आणि तिचं आडनावही चुकीचं लिहिलं. मग माझ्या लक्षात आलं की माझा पहिला प्रतिसाद आणि जेफरसन एकाच बाकावर बसलेत. उठतो मी तिथून.

तरी सगळी शोकगीतं वाचायला मला कंटाळाच येणार. तेवढं मत राहू द्या.

पाटीपेन्सिल

राहू दे. मलाही काही येतात.

आईला फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. तिने नेहमीप्रमाणे दुसरंच विचारलं: तिला तिच्या आईची काही आठवण होती का? ओडेलबाईंच्या त्याच चरित्रात एक गोष्ट आहे, खरी-खोटी देव जाणे. फिलिसला गावातली एकच गोष्ट आठवायची. रोज सकाळी उगवत्या सूर्यासमोर तिची आई जमिनीवर पाणी ओतायची.

फोनवर आई काही वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "अर्घ्य."

चष्मेबद्दूर

आईंचा आदर राखून: कृपया अर्घ्य नको. कुणी याला सूर्योपासना म्हणतं, कुणी पहाटेच्या नमाजाआधीचं हातपाय धुणं. त्या भागात इस्लाम होताच. आपलं लेबल लावलं की आपणही तिला एक नाव ठेवतो.

पाटीपेन्सिल

आईला सांगितलं. म्हणाली, त्यांना सांग, मी लेबल लावत नव्हते, मला माझी आई दिसली.

निळावंती

सातव्या ओळीचं जमलं का बघा. 'नो' काढलाय, हबशीही. 'अशी ही गणती' मात्र अजून भाड्यावरच आहे, घरमालक ताकभात यांनी मुदतवाढ द्यावी.

स्मरा: ख्रिस्ती, निग्रो, काळे काइनापरी, तेही होती
शुद्ध निवळुनी, देवदूतांच्या रांगेमध्ये उभे राहती.

स्वल्पविराम

'तेही' मधला 'ही' काढा. त्या 'ही'मुळे परत फक्त एकाच बाजूला बोट जातंय.

निळावंती

स्मरा: ख्रिस्ती, निग्रो, काळे काइनापरी, ते सारे होती